धुऱ्यावरच्या काट्या

महादेवरावांच्या पोटातलं काढून घेणारा माणूस वरूड तालुक्यात अजून जन्माला यायचा होता, असं त्यांचं स्वतःचं मत. यंदा संत्र्याला फळगळ लागली, तेव्हा रोज उजाडायच्या आत गळलेली फळं टोपल्यात भरून ते दोन बागांमधल्या धुऱ्याजवळच्या, बांधाजवळच्या खड्ड्यात पुरत. व्यापारी येईल तेव्हा झाडाखालची जमीन स्वच्छ दिसायला हवी होती. हे पाहिलं फक्त शेजारच्या बागेतल्या अब्दुल गफ्फारनं. तीस वर्षांचा दोस्त. न पाहिल्यासारखं करून निघून गेला.

व्यापारी आला, पण बागेत शिरलाच नाही. गाडीतूनच म्हणाला, "गळ लय हाये तुमची. निम्म्या भावात देता का?"

महादेवरावांच्या अंगाची लाहीलाही झाली. गफ्फारशिवाय सांगणार कोण? त्याला एका शब्दानं न विचारता त्यांनी धुऱ्यावरची त्याची वाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. चहाच्या टपरीवर चारचौघांत त्याला घरभेदी म्हटलं. गफ्फार अर्धा चहा ठेवून उठला. पोळ्याला त्याच्याकडे दरवर्षी जाणारी पुरणपोळी यंदा गेली नाही.

मग एक दिवस सून आरतीनं त्यांचा मोबाईल हाती घेतला. फळगळीवरचा उपाय बघायला सासरे नाव-नंबर देऊन रोज ज्या वेबसाइटवर जात, तिचं गोपनीयता धोरण तिनं मोठ्यानं वाचलं. तुम्ही कुठल्या गावातून, कुठलं पान, किती वेळ बघता, याची नोंद कुकीजद्वारे ठेवली जाते आणि आमच्या सहयोगी खरेदीदारांना दिली जाते. गोपनीयता म्हणे! चोरानं दवंडी पिटून चोरी करावी आणि घरमालकानं त्याला दार उघडून द्यावं, तसला प्रकार. खालचं 'मान्य आहे' महादेवरावांनीच दाबलं होतं.

"कावून दाबलं, मामाजी?"

"त्याच्याबिगर ते समोरून हटूनच नव्हतं राहिलं."

लाजेनं त्यांना जेवण गेलं नाही. तसेच धुऱ्यावर गेले आणि काट्या ओढू लागले. पलीकडे गफ्फार फळांनी लगडलेल्या फांदीला बांबूचा टेका बांधत होता. महादेवरावांनी त्याला सगळं सांगितलं, चुकलो म्हणाले. गफ्फारनं ऐकून घेतलं, दोरीची गाठ पक्की केली.

"राहू दे काट्या, महादेव. त्या मोबाईलले तू न वाचता हो म्हनलं. मले तं तू विचारलं बी नाही."

तो दुसरा बांबू उचलून पुढच्या झाडाकडे गेला. ओढलेली बाभळीची काटी महादेवरावांच्या हातातच राहिली.