कोपऱ्यातली चौकट

मित्रांनो, सातासमुद्रापलीकडच्या लिक्सलिप गावात वीणाताईंच्या घरी तीन कॅमेरे आहेत. त्यांतला सगळ्यात जुना, जाडजूड आणि पोटाला काळी चिकटपट्टी लावलेला, तो मी. बाकीचे दोघे देखणे आहेत, हे मी मान्य करतो. पण नेत्राच्या लग्नाची फिल्म बघताना लोक जिथे डोळे पुसतात, ती जागा माझी आहे. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. वीणाताईंनी मला पुण्यात विकत घेतलं. पुढे त्यांच्या नवऱ्याला इथल्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा शालीत गुंडाळून, विमानात मांडीवर घेऊन त्यांनी मला इकडे आणलं. सुरुवातीला ताईंना इथे काम करायची परवानगी नव्हती. मग त्या हौसेनं मंडळाचा गणपती, कोणाचं बारसं, कोणाचा वाढदिवस टिपायच्या. मी आल्याशिवाय केक कापला जात नसे, इतका माझा मान होता.

परवानगी मिळाली, ताईंचा व्यवसाय उभा राहिला आणि दोन नवे कॅमेरे आले. माझी रवानगी प्रेसमध्ये झाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्यात इस्त्रीच्या टेबलामागे मी दोन वर्षं काढली. जुनं ते सोनं म्हणणारी माणसंच जुन्याला सगळ्यात आधी कपाटात ढकलतात, हे मला तिथे कळलं.

मग कासलबारच्या नेत्राचं लग्न ठरलं. नेत्रा तिथल्या इस्पितळात डॉक्टर. नवरा मुलगा आलोक. लग्न तिथल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये. मराठी लग्नात वधूवरांच्या मध्ये अंतरपाट असतो, त्यामुळे एका कॅमेऱ्याला दोघांचे चेहरे दिसत नाहीत. म्हणून एक कॅमेरा नेत्राकडे, एक आलोककडे, आणि सगळी मंडळी दिसावीत म्हणून दारापाशी तिसरा, म्हणजे मी. ताईंनी माझी धूळ पुसली, मला तिपाईवर चढवलं, चालू केलं आणि आत गेल्या.

तेवढ्यात दारात मायलेकींचं वाजलं.

"आई, प्लीज. मला तू समोर हवी आहेस," नेत्रा म्हणाली.

तिची आई सुहासिनीबाई सांगलीहून आल्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या होता. "आमच्यात मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतंय बाळा. दृष्ट लागती. मी हितं तुळशीपाशी थांबते."

"म्हणजे तुला रीत माझ्यापेक्षा मोठी आहे. ठीक आहे. ग्रँड." इथे 'बरं'ला ग्रँड म्हणतात. नेत्रा वळून आत गेली.

तुळस तरी कुठली, तर नेत्राच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत कशीबशी जगलेली, सात-आठ पानांची. हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये एका टेबलावर तिची कुंडी ठेवली होती.

मंगलाष्टकं सुरू होणार, एवढ्यात हॉटेलची बाई आली. दारात अडथळा ठेवायचा नाही, हा तिथला नियम. तिनं मला तिपाईसकट उचललं, बाहेर पॅसेजमध्ये ठेवलं आणि दार लावून घेतलं. माझं तोंड फिरलं तुळशीकडे. माझा लाल दिवा चालूच होता. मला टिपायचं माहीत, मी टिपत राहिलो.

आठवड्यानंतर वीणाताई फिल्म जुळवायला बसल्या. शेजारी मयूर होता. तो एरवी बॉल्सब्रिजला नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी ताईंचा दुसरा कॅमेरा सांभाळतो. संगणकाच्या पडद्यावर तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रं शेजारीशेजारी लावली, आणि मयूर ओरडला.

"ताई, कॅमेरा थ्री बघ! हॉल कुठेय? अर्धा तास नुसती कुंडी! उडवून टाकू या."

मित्रांनो, माझं काय झालं असेल! एवढ्या वर्षांची सेवा, आणि एका बोटानं सगळं पुसलं जाणार. पण ताई म्हणाल्या, "थांब. आवाज वाढव."

बंद दारातून भटजींचा आवाज माझ्यात बारीकसा उतरला होता. ताईंनी माझ्यातलं 'सावधान' हॉलमधल्या 'सावधान'शी नेमकं जुळवलं आणि तिन्ही चित्रं एकदम सुरू केली. आत अंतरपाटाआड नेत्रा उभी. बाहेर, त्याच क्षणी, सुहासिनीबाई तुळशीला पाणी घालताहेत.

"नेत्रा फोनवर काय म्हणाली माहितेय?" ताईंनी हळूच सांगितलं. "म्हणाली, आईचे शॉट शोधत बसू नका, ती नव्हतीच. काकू रविवारी परत चालल्यात, आणि दोघी कामापुरतं बोलतात."

मग ताईंनी माझं चित्र लहान केलं आणि हॉलच्या मोठ्या चित्रावर बसवायला घेतलं. खाली उजवीकडे ठेवलं, तर भटजी झाकले गेले. वर डावीकडे नेलं, तर आलोकचं तोंड गेलं. शेवटी वर उजवीकडे, जिथे हॉटेलची रिकामी भिंत होती, तिथे मी चपखल बसलो. कडेनं ताईंनी हळदीच्या रंगाची बारीक रेघ ओढली.

"चित्र फार दाणेदार आहे पण," मयूर कुरकुरला.

"एवढ्याशा चौकटीत दाणे कोण मोजतंय?" ताई म्हणाल्या. "मोठ्या पडद्यावर उघडा पडला असता. कोपऱ्यात राजा आहे तो."

राजा! हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

शनिवारी ताई लॅपटॉप घेऊन कासलबारला गेल्या. त्यांच्या पिशवीत मीही होतो. सुहासिनीबाईंचं सामान बांधून दारात ठेवलेलं होतं. त्या समोर बसेनात.

"मी कसं बघू? बघायचं नसतंय ना."

"लग्न लागताना नसतं, काकू. आता लागून गेलं. बसा."

फिल्म सुरू झाली. अंतरपाटापाशी उभ्या असलेल्या आपल्या लेकीला सुहासिनीबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि नेत्रा? नेत्रा नवऱ्याकडे नाही, स्वतःकडेही नाही, वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे पाहत होती. तिथे तिची आई पुटपुटत मंगलाष्टकं म्हणत होती. प्रत्येक 'सावधान'ला तुळशीपासून चार पावलं येऊन मुठीतल्या थोड्या अक्षता बंद दारावर टाकत होती. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, हॉलभर टाळ्या उठल्या, आणि बाहेर सुहासिनीबाईंनी दाराला कपाळ टेकलं. मी यंत्र आहे, पण खरं सांगतो, मला भरून आलं.

"आई," नेत्रा म्हणाली. "तू दारावर अक्षता टाकत होतीस?"

"मग कुठं टाकू गं? तू आत होतीस."

नेत्रा उठली आणि आईच्या कुशीत शिरली. ताईंनी फिल्म थांबवली, तर ती तिथूनच म्हणाली, "थांबवू नका. पुन्हा पहिल्यापासून लावा."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी कपाटात पडला असेल, तर त्याची धूळ पुसा आणि त्याला एखादा कोपरा द्या, तो कोपऱ्याचं सोनं करील. आणि घरात कार्य असेल, सगळे आत टाळ्या वाजवत असतील, तेव्हा एकदा दार उघडून बघा. बाहेर कोणीतरी तुमच्यासाठीच उभं असेल.