काकूंचा उजवा पाय

छोटी पंचेचाळिशीला टेकली तरी आईच्या तोंडी ती छोटीच. आणि छोटीची लेक पिल्लू. हे पिल्लू आईपेक्षा चांगलं वीतभर उंच, आणि जीभ तर विचारूच नका!

पिल्लूला घरोघरी जाऊन पेशंट बघणाऱ्या नर्सची नोकरी लागली होती. अट एकच, गाडीचं लायसन्स हवं. पहिल्या परीक्षेत बाईसाहेब नापास झाल्या होत्या. दुसरी परीक्षा उद्यावर आलेली. यावेळी आपटली की नोकरी दुसरीला जाणार होती. आणि नेमकी आजच तिनं गाडीची किल्ली टेबलावर फेकली.

"तुझ्याबरोबर मी गाडी चालवणार नाही. तू सारखी किंचाळतेस!"

"मी किंचाळते?" छोटी किंचाळली.

शेवटी छोटीनं आपल्या आईला बोलावणं धाडलं. आई म्हणजे गाडीवाल्या काकू. निम्म्या गावाला गाडी शिकवून आता घरी आरामात बसलेल्या. छोटीच्या अगदी जिवावर आलं होतं, कारण तिला आपलं शिकणं आठवत होतं. आई शेजारी बसायची, उजव्या पायातली चप्पल काढायची, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी सोडायची आणि दुकानांच्या पाट्या वाचायची. इकडे पोरगी स्टिअरिंगला लटकलीय, समोरून ट्रक येतोय, आणि आई म्हणतेय, "अगं, चपलांवर सूट लागलीय!" मैत्रिणींच्या आया काळजीनं अर्ध्या व्हायच्या. आपल्या आईला आपलं काही पडलेलंच नाही, हे छोटीनं तेव्हाच मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

आई आली. चप्पल काढून पुढे बसली, पुडी सोडली. पिल्लूनं गाडी काढली. छोटी पिल्लूच्या मागे बसली आणि पहिल्याच वळणावर ओरडली, "ब्रेक!"

"मागच्यांनी गप्प बसायचं," आई म्हणाली. "नाहीतर डिकीत जागा आहे."

पिल्लू खुदकन हसली आणि तिचे खांदे सैल झाले. छोटीनं तोंड बंद ठेवलं. आता करायचं काय? तिनं मान खाली घातली, आणि सीटच्या फटीतून तिला आईचा पाय दिसला.

शिकवायच्या गाडीत आईच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असायचा. ही घरची गाडी, हिच्यात कुठला आलाय ब्रेक! तेवढ्यात गल्लीतून एक टेम्पो रिव्हर्समध्ये बाहेर आला. "पडदे बरे दिसताहेत गं त्या दुकानात," आई म्हणाली. आवाज अगदी थंड. पण खाली तिची बोटं चटईत रुतली होती, पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती, आणि ती नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबत होती.

पिल्लूनं आपली आपण गाडी थांबवली, टेम्पोला जाऊ दिलं आणि पुन्हा निघाली. आईनं एक शेंगदाणा तोंडात टाकला. मागे छोटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अगं बाई, म्हणजे त्या सगळ्या पाट्या अशा वाचल्या होत्या तर!

घरी आल्यावर आई पोटरी चोळत बसली. छोटीनं तिचा पाय मांडीवर घेतला.

"दुखतोय?"

"दुखणारच. हे दुखणं तुझ्या वेळेपासूनचं आहे."

"तेव्हा तर खराखुरा ब्रेक होता की गं तुझ्या पायाशी."

"होता ना. पाय त्याच्यावर अधांतरी धरायचा, दाबायचा नाही. सारखा दाबला असता तर तू शिकली असतीस होय? चोळ जरा जोरात, पैलवान कुठली!"

छोटी हसली, रडली आणि चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला जाताना पिल्लूच्या शेजारी छोटी बसली. उजवी चप्पल काढली. पुडी सोडली. चौकात समोरून ट्रक आला.

"अगं, छत्र्या काय छान आहेत त्या दुकानात!" छोटी म्हणाली.

"आई! इथे माझा जीव चाललाय आणि तुला छत्र्या सुचताहेत? तुला माझं काही पडलंय की नाही?"

"नाही बाई. तू चालव."

पिल्लू पास झाली. छोटीचा उजवा पाय मात्र संध्याकाळी जिना चढायला तयार होईना.