कातळावरच्या आणि कारवीतल्या

आमची नातसून रोहिणी हिला सगळं येतं, फक्त कुठली वस्तू कुठं ठेवावी हे येत नाही. शहरात, सावेडीत वाढलेली, कॉलेजात बेडकांचा अभ्यास करते. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच माझ्या लोणच्याच्या दोन बरण्यांत नखाएवढ्या बेडक्या आणून ठेवल्या. चुलीपासून दोन हातांवर. आत ओला पाला, वर भोकं पाडलेला कागद. मी काही बोलले नाही. म्हणजे, थोडंच बोलले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या नातवाबरोबर, अमृतबरोबर, राजूरच्या बाजाराला गेली. बरण्यांना वास सुटला होता. मी बेडक्या परातीत घेतल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि बरण्या घासल्या. परत भरताना पाहते तर पोरीनं तांबड्या आणि पिवळ्या एकत्रच कोंबलेल्या. गावातली निम्मी घरं भाताचं बी माझ्याकडून निवडून नेतात, मला ते बघवेना. तांबड्या एका बरणीत, पिवळ्या दुसरीत, अशा नीट लावून दिल्या.

रोहिणी आली, बघितलं आणि तिथंच खाली बसली.

"आजी, एकीत गावामागच्या गडाच्या कपारीतल्या चार होत्या. दुसरीत आपल्या कारवीतल्या पाच."

"मग? बेडक्याच ना सगळ्या?"

"कूळ एकच आहे त्यांचं. पण कपारीतली जात वेगळी आहे, असं मला वाटतं. कॉलेजातले सर म्हणतात, सगळी एकच जात. आणि रंगावरून काहीच ठरत नाही, आजी. एकाच जातीत तांबडी असते, पिवळीही असते." तिनं डोळे पुसले. "फोटो आज काढणार होते. त्या चार सापडायला दोन महिने लागले. सर उद्या येतायत, आता त्यांना काय दाखवू?"

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडणाला मी कधी कमी पडलेली नाही. पण ती नुसती बसून राहिली. माझ्या निवडण्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

दोन घरांच्या शेळ्या रानात मिसळल्या तर आम्ही रंग बघत बसत नाही. गावाच्या फाट्यावर आणून सोडतो. आपलं दार जिचं तिला ठाऊक असतं.

"अमृत, कपारीतला शेवाळाचा दगड आन. आनी कारवीची फांदी."

"आजी, आता दगड कशाला?"

"तुझ्या डोक्यात घालायला. जा."

परातीच्या एका कडेला दगड, दुसऱ्या कडेला फांदी ठेवली. मधे बेडक्या सोडल्या, पाणी शिंपडलं, वरून मच्छरदाणीचं कापड बांधलं.

"आता कुनी हात लावू नका. टक लावून बी बसू नका, पाव्हन्या लाजत्यात."

रोहिणी पहिल्यांदा हसली.

तिन्हीसांजेला बघितलं तर दगडाच्या फटींत चार, फांदीवर पाच. दोन्हीकडं तांबड्या होत्या आणि पिवळ्याही. मग त्या ओरडायला लागल्या. फांदीवरून टिकटिकटिक, लागोपाठ. दगडावरून एकच टिक, थांबून पुन्हा एक. रोहिणीनं माझा हात घट्ट धरला.

"गडावर हाच आवाज ऐकला होता मी. ह्याच त्या चार."

"मग आता सर मानत्याल?"

"ऐकतील तरी. नाव, जात, ते पुढं तपासून ठरेल." तिनं वही उघडली आणि जरा घुटमळली. "आजी, एक आहे. त्या कशा मिसळल्या तेही लिहावं लागेल. तुमच्या नावासकट. लपवलं तर नोंद खोटी ठरते."

आजेसासूला असं तोंडावर सांगायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मी तिच्याकडं बघत राहिले. पोरीनं नजर खाली घातली नाही.

"लिही," मी म्हटलं. "छबूबाईनं मिसळल्या आनी छबूबाईनंच निवडल्या, दोन्ही लिही. तुला घर आवरता येत न्हाई, पर तू लबाड न्हाईस. मला तशीच नातसून पायजे हुती."