लिहिणाऱ्याने बोलायचं नाही

यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांचा एक खडूस नियम असतो. पुस्तिका तपासणारे सहकारी लिहिलंय तेवढंच करतात, स्वतःची अक्कल मुळीच वापरत नाहीत. आणि ज्याने लिहिली त्याने कोपऱ्यात बसून चकार शब्द काढायचा नाही. लेखक काही पुस्तिकेबरोबर घरोघरी जात नाही, म्हणून ही शिक्षा.

आज ती त्या कोपऱ्यात बसली होती. तिची पहिलीच पुस्तिका होती: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून खुर्चीत बसवायच्या यंत्राची. पास झाली तर नोकरी कायम, नाहीतर परत घरी. नोकरी सोडून वडिलांचं आजारपण काढण्यात तिची पाच वर्षं गेली होती. मुलाखतीत त्या वर्षांबद्दल विचारलं, तेव्हा "घरी होते" एवढंच ती म्हणाली, आणि समोरच्याने कागदावर त्या वर्षांपुढे सरळ रेघ ओढली. ती रेघ तिला जिव्हारी लागली होती. हे यंत्र आपल्याइतकं कोण ओळखतं, म्हणून ही पुस्तिका तिने हट्टाने मागून घेतली होती.

तपासणारे तिघे. विभागाचे सर, कधीच गप्प न बसणारी 'रेडिओ', आणि काडीपैलवान, ज्याला आडवं व्हायचं काम आलं की फार आनंद होई.

"मी आजारी. मला काही येत नाही," असं जाहीर करून त्याने अंग सैल सोडलं. रेडिओ वाचू लागली, सर करू लागले. चाकांना ब्रेक लागला. यंत्राची कापडी झोळी पाठीखालून सरकली, पट्टे आकड्यांत बसले. सरांनी "हं" केलं. त्यांच्या तोंडचं "हं" म्हणजे पुष्पगुच्छच. तिच्या जिवात जीव आला.

"दांडा हळूहळू दाबा," रेडिओने वाचलं.

झोळी वर गेली आणि काडीपैलवानाचं डोकं मागे कलंडून हवेत लोंबू लागलं.

"सर, माझी मान!"

"मानेबद्दल इथे काहीच नाहीये," रेडिओ म्हणाली. "पुढे आहे, खुर्ची जवळ आणा." सर निमूटपणे खुर्ची आणायला वळले.

ती कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिचा डावा हात त्याच्या मानेखाली गेला होता, अंगठा कानामागे. "झालं हं, झालं. आलीच खुर्ची," असंही ती म्हणून गेली. मग तिला भान आलं. संपलं सगळं, तिला वाटलं, पण हात काही तिने काढला नाही.

सरांनी झोळी खाली घेतली. "आत्ता जे केलंत, ते पानावर कुठे आहे?"

तिने पानं उलटली. कुठेच नव्हतं. "मी असं करते हे मला माहीतच नव्हतं, सर."

"कोणाला उचलायचात?"

"बाबांना. पाच वर्षं." तिचे डोळे भरून आले. "गेल्या वर्षी गेले."



"हे मी पास करणार नाही," सर म्हणाले. आवाज मात्र मऊ होता. "असंच छापलं तर उद्या कुणाच्या तरी बाबांची मान लोंबकळेल. पण संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तुमच्याकडे पाच वर्षांचं काम आहे, बाई. बसा आणि लिहा."

ती डोळे मिटून बसली. हात हवेत धरून पाहिला. बाबांच्या डोक्याचं वजन अजून तिथेच होतं. मग तिने लिहिलं: दुसऱ्या माणसाने एक हात मानेखाली ठेवावा, अंगठा कानामागे. शेवटी लिहिलं, त्यांच्याशी बोलत राहा. हे वाक्य खोडावं असं तिच्या मनात आलं, पण तिने ते राहू दिलं.

संध्याकाळी काडीपैलवान पुन्हा आडवा झाला. रेडिओने जन्मात कुणाला उचललं नव्हतं. तिने पान वाचलं, हात मानेखाली घातला, चाचपडत अंगठा कानामागे नेला. झोळी वर गेली. "आलीच हं खुर्ची," रेडिओ म्हणाली, इतक्या हळू की ती रेडिओ वाटेना.

त्याला खुर्चीत बसवेपर्यंत ते डोकं तसूभरही कलंडलं नाही. सरांनी कागदावर 'पास' लिहून सही केली आणि काडीपैलवानाला उठायला सांगितलं.

"थांबा की जरा," तो डोळे मिटूनच म्हणाला. "हात काढू नकोस गं. फार बरं वाटतंय."