दोनशे चौदावी शेपटी

अकरा वर्षं मी हिवतापाच्या एका जुन्या गोळीच्या रेणूला शेपट्या जोडतेय. औषध आपल्या पोटात शिरलं की बाहेर फेकायचं, हे एकच कसब जंतूनं कमावलं आणि ती गोळी हिवतापावर देणं बंद झालं. मग फेकता येणार नाही अशी शेपटी शोधायला मला बसवलं. दोनशे तेरा वाया गेल्या. दोनशे चौदावीही गेली तर शुक्रवारच्या बैठकीत आमचा विभाग बंद आणि माझी बदली टूथपेस्टमध्ये, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

सोमवारी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर इस्पितळातून आलेले ताजे जंतू दोनशे चौदाच्या ताटलीत मरून पडलेले. बिनऔषधाच्या ताटलीत मजेत. मी किंचाळलेच. साहेबांनी माझ्याशी चक्क हात मिळवला.

हे जंतू माणसाच्या रक्तात वाढवावे लागतात. रक्ताची पिशवी बिनऔषधाच्या ताटलीपुरतीच निघाली, म्हणून दुसऱ्या ताटलीला काचसामान धुणाऱ्या काकूंनी रक्त दिलं. दोन्हींत एकच रक्त हवं, हे मी नवशिक्यांना ओरडून ओरडून शिकवते. पण घाई होती ना! लोकांना सांगे ब्रह्मज्ञान.

दुपारी काकू डब्यानंतर गोळी घेत होत्या.

"कसली हो?"

"सांधेदुखीची. दोन वर्षं झाली."

पाकीट हिसकावून वाचलं. माझ्या जुन्या गोळीची सख्खी बहीण! सांध्यांवरही चालते ती. म्हणजे जंतू माझ्या शेपटीनं मेले की काकूंच्या रक्तातल्या गोळीनं, कोण सांगणार?

"अहो काकू, रक्त देतानाच्या फॉर्मवर विचारलं होतं ना, हिवतापाचं औषध घेता का म्हणून?"

"मला कुठे हिवताप झालाय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

मूग गिळून बसले असते तर शुक्रवार निभावला असता. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मुकाट्यानं दुसरं, स्वच्छ रक्त आणलं आणि सगळं पुन्हा लावलं. शेजारी चिडून नुसत्या जुन्या गोळीचीही एक ताटली ठेवली. गुरुवारी पाहते तर दोनशे चौदात जंतूंचा संसार फुललेला. जुन्या गोळीत एकही जिवंत नाही.

शुक्रवारी दोन्ही ताटल्यांचे फोटो बैठकीत ठेवले.

"पण ही गोळी तर चालत नव्हती?" साहेब म्हणाले.

"नव्हती. आता चालते, उलट शेपटीनंच बिघडते. अकरा वर्षं हिवतापावर कुणी दिलीच नाही, तेव्हा फेकण्यात ताकद घालवणारे जंतू मागे पडले आणि साधे वाढले. चालत नाही हे सगळ्यांना पाठ होतं, म्हणून नव्या नमुन्यावर कुणी तपासलीच नाही. मीसुद्धा नाही."

बैठकीला आलेले इस्पितळाचे डॉक्टर भराभर लिहून घेत होते. त्यांचा चेहरा खुलला होता.

"म्हणजे या अकरा वर्षांत आपण..." साहेब अडखळले.

"घरी बसून राहिलो असतो, तरी हेच झालं असतं," मी म्हणाले. आणि माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं, तशी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले.