पोपटी खिडकी

बंगळुरात, बसवनगुडीतल्या नरसिंहरावांच्या माजघराच्या खिडकीवर एवढा पोपटी रंग चढला होता, की लालबागेतले पोपट तिला नातलग समजून भेटायला येत. खोटं वाटत असेल तर पोपटांना विचारा.

कारण घराण्याची रीत. गौरी-गणपतीच्या आधी कर्त्या पुरुषाने खिडकी स्वतः रंगवायची आणि जुना रंग खरवडायचा नाही; खरवडला तर वाडवडिलांचा हात पुसला जातो म्हणे. आजोबांवर वडील, वडिलांवर नरसिंहराव, असे थर बसत गेले आणि खिडकी जी बंद झाली ती झालीच.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचा, शालनबाईंचा, जीव उबगला. "अहो, संध्याकाळी तो बिल्डर पद्मनाभ येतोय. तोवर खिडकी उघडली तर ठीक. नाही तर घर त्याला देऊन मी सही करून मोकळी!"

सही त्यांचीच चालायची. सासऱ्यांनी मुलाची अक्कल वेळीच ओळखून घर सुनेच्या नावावर केलं होतं.

नरसिंहराव ओसरीवरून ताडकन उठले. घराच्या बदल्यात बनशंकरीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट! तिथे ओसरी नाही, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवून थापा मारायची सोय नाही. माणसाने जगायचं कशावर?

त्यांनी खोबरेल ओतलं, पटाशी घातली, मारुतीरायाला हाक मारली. खिडकी ढिम्म.

"रंग खरवडा की!"

"अगं, वाडवडिलांचा हात आहे तो."

"हात असता तर तुमची ही धडपड बघून केव्हाच मदतीला आला असता."

शेवटी ते मुसळ घेऊन आले. गजांमधून टोक झडपेला टेकवलं आणि सगळं वजन टाकलं. नेमका त्याच वेळी पद्मनाभ मागच्या बोळात जागा बघत उभा होता. आत काय चाललंय म्हणून तो खिडकीपुढे वाकला.

धाडकन आवाज व्हायला हवा होता. झाला तो पापड मोडल्यासारखा. लाकूड वाळवीने कधीच फस्त केलं होतं; इतकी वर्षं खिडकी म्हणून उभा होता तो नुसता रंग. अख्खी झडप पद्मनाभच्या डोक्यावर पडली आणि त्याची मान तिच्यातून आरपार वर आली.

"अण्णा," पोपटी चौकटीतून तो म्हणाला, "स्वल्प... थोडं आधी सांगायचं तरी!"

गजांतून वारा भसकन आत आला. शालनबाईंचा पदर उडाला, आणि त्या अशा हसल्या की समोरच्या घरातली शेजारीण दारात आली.

"पद्मनाभ, तुम्हीच सांगा. उघडली की नाही?"

"उघडली, अक्का," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मग सही नाही. या आता. पण गळ्यातली ती चौकट तेवढी ठेवून जा. गणपती येतील, ह्यांना रंगवायला काहीतरी लागेल."