नसांना बळ

सकाळची प्रार्थना झाली की ह्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवायच्या, हा माझा नेम होता. अडीच वर्षांत एकदाही चुकला नाही. एक गोळी शक्तीची, एक केसांची, आणि एक ‘नसांना बळ’ लिहिलेल्या बाटलीतली.

हे शिंपी. गेल्या वर्षी बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मी नसांच्या दोन गोळ्या केल्या. पुढे सुई टोचलेली कळेना. कापडावर लाल ठिपका दिसला की म्हणायचे, “अगं, टोचली वाटतं.” मी तीन केल्या. माझ्याच नेमात काही कमी पडत असेल, असं वाटायचं.

मग पुतणी झगा शिवायला आली. औषधांच्या जाहिरातींतले दावे खरे की खोटे ते तपासण्याची तिची नोकरी. मापं घेताना काकांच्या हातून टाचण्या दोनदा सांडल्या. कसलं औषध चालू आहे, तिने विचारलं; मी कौतुकाने बाटल्या दाखवल्या. शिवणाच्या टेबलावर तिन्ही ओळीने मांडून, ह्यांच्याच भिंगातून ती बारीक अक्षरं वाचत राहिली.

“काकू, तिन्हींत बी-सहा आहे. एवढं रोज, इतके दिवस घेतलं तर तेच नसा बधिर करतं.”

“जीवनसत्त्वच ना गं ते? जास्तीचं लघवीतून जातं म्हणतात.”

“सगळ्याच जीवनसत्त्वांचं तसं नसतं. अंगात कमी असेल त्याला उपयोग होतो. काकांचं रक्त तपासलं होतं?”

नव्हतं.

“तिला नको गं बोलूस,” हे म्हणाले. “तिचा नेम, माझं काम फक्त तोंड उघडायचं.” एकटेच हसले.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गोळ्या बंद. बहुतेकांना हळूहळू फरक पडतो. पूर्वीसारखं होईलच, असं मात्र नाही.

याला सात महिने झाले. शिलाई मशीनवर चादर आहे.

आज प्रार्थना झाल्यावर सवयीने पाण्याचा पेला घेऊन गेले. ह्यांनीही सवयीने हात पुढे केला, डोळे मिटूनच. देण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांच्या बोटाच्या टोकावर माझं बोट टेकवलं, आणि उचललं.

“कळतंय का हो?”

“कळतंय की,” ते म्हणाले. “अजून ठेवलंयस ना.”